जन्मदातीची दृष्ट

काचेपलीकडं पडद्यावर दोन रेघा एकमेकींकडं सरकत होत्या, आणि अलीकडं बसलेली हर्षदा निकम मनातल्या मनात म्हणत होती, नका जुळू.

एक रेघ जुईची. जुई पाच वर्षांची, गेली तीन वर्षं हर्षदाच्या घरी वाढणारी, तिला आई म्हणणारी. दुसरी रेघ तेजल मानेची. तेजल म्हणजे जुईला जन्म देणारी. कराडच्या त्या भेट-केंद्रात महिन्यातून दोनदा ती लेकीला भेटायला यायची. बेकरीत कामाला होती, येताना खारी नाहीतर नानकटाई आणायची, आणि दारातूनच हाक मारायची, ‘‘बबडे!’’

बस. एवढ्या एका हाकेवर जुईची रेघ उसळायची, मग हळूहळू खाली उतरून तेजलच्या रेघेच्या गळ्यात गळा घालायची. पडदा हिरवा व्हायचा.

हर्षदाच्या घरी तपासणी व्हायची, तेव्हा तिच्याबरोबर पडदा इतका हिरवा कधी झाला नव्हता.

आता ही रेघांची काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावरून जाईल. जुईच्या मनगटावर एक मऊ पट्टी असायची. सरकारी नाव ‘बंध-आलेख पट्टी’, पण सगळे नुसतं पट्टीच म्हणत. ती दोन गोष्टी बघायची. एक, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर. लहान मूल ज्याच्यावर विसंबून असतं त्याच्या कुशीत गेलं, की त्याचे ठोके त्या माणसाच्या ठोक्यांच्या चालीनं चालायला लागतात. आपण कुणाबरोबर गप्पा मारत चालताना नकळत पाऊल जुळवतो ना, तसंच. मोठ्या माणसाच्याही मनगटावर भेटीपुरती, तपासणीपुरती पट्टी बांधली, की दोघांच्या चाली जुळतात का ते पडद्यावर दिसतं. दुसरी गोष्ट घामातली. भीती वाटली की शरीर एक रसायन सोडतं. ते रक्तातून घामात झिरपतं आणि पट्टी ते मोजते. फक्त ते झिरपायला अर्धा तास लागतो. म्हणजे भीती आत्ता वाटली तर पट्टीवर ती अर्ध्या तासानं दिसणार. हा अर्धा तास ध्यानात ठेवा.

पट्टी आली ती मुलांच्या भल्यासाठीच. आधी काय व्हायचं, आईबाप मूल सांभाळायला नालायक आहेत की नाहीत, हे ठरवण्यात वर्षं निघून जायची. शेजारी एक सांगणार, मामा दुसरंच सांगणार, आणि मूल बालगृहात बसून मोठं होणार. मग कायदा बदलला. मुलाला साक्षीला उभं करायला नको, त्याचं शरीरच साक्ष देईल, असं ठरलं. जन्मदात्यांच्या भेटीत मुलाच्या शरीरात भीती दिसली, आणि ती कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेली, तर बालकल्याण समितीला ‘पालकत्व-विच्छेद’ करता येई. आईची संमती लागत नाही. एकदा विच्छेद झाला की जन्मदाखल्यावरून नाव जातं, भेटी बंद, मूल कुठं राहतं तेसुद्धा कळत नाही. रस्त्यात समोर आलं तरी हाक मारायचा हक्क नाही.

तेजलवर ही टांगती तलवार होती, आणि ती उगाच नव्हती. दारूच्या नशेत या बाईनं दोन वर्षांच्या पोरीला खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली होती आणि दोन दिवस घरी फिरकली नव्हती. शेजाऱ्यांनी दार फोडलं. जुई हर्षदाकडं आली तेव्हा बोलत नव्हती. उशीखाली पोळीचे तुकडे लपवून ठेवायची. हर्षदानं ते तुकडे कधी काढले नाहीत, उलट रोज ताजे करून ठेवले. पुढं एक दिवस पोरीनं आपणहून ते कावळ्यांना घातले, तेव्हा हर्षदा मोरीत जाऊन ढसाढसा रडली होती. तिला स्वतःचं मूल नव्हतं. पालक-माता म्हणून सरकारनं हे मूल दिलेलं, सांभाळायला. पण जीव काय सरकारला विचारून लागतो का?

आणि आता ती दारू सोडून, व्यसनमुक्ती केंद्रात राहून, न्हाऊनमाखून ही बाई येते काय, बबडे म्हणते काय, आणि रेघा जुळतात! तीन वर्षं पोटाशी धरून निजले मी, आणि नानकटाईच्या पुड्यावर माझी पोरगी विकली गेली! हर्षदा आतल्या आत जळत होती. पूर्वीच्या बायकांनाही सवतीमत्सर होता, जावाजावांचा मत्सर होता, पण तो अंदाजपंचे. या यंत्रानं मत्सराच्या हातात पुरावाच दिला. कुणावर जीव जास्त, ते हिरव्या रंगात दिसायला लागलं.

बाहेर पडताना तेजल तिच्याजवळ आली. सव्वीसेक वर्षांची, हातावर भट्टीचे चटके. म्हणाली, ‘‘मॅडम, तुमचे लय उपकार आहेत. किती गोड ठेवलीय तुम्ही तिला.’’

‘‘ठेवली नाही. वाढवली,’’ हर्षदा म्हणाली आणि जुईचा हात ओढून चालायला लागली.

त्या दिवशी जुई घरी आली ती चिडचिडी होऊनच. जेवेना. ‘‘मम्मा कधी येणार?’’ एवढंच. आई हर्षदा आणि मम्मा तेजल, अशी वाटणी पोरीनं स्वतःच केली होती, आणि त्यातला मम्मा हा शब्द कानावर पडला की हर्षदाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जुईचं अंग थोडं कोमट लागलं. झालं! हर्षदाला कारण मिळालं.

‘‘दृष्ट लागलीय हिला,’’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘‘तासभर टक लावून बघत होती ती बाई.’’

नवरा विश्वजित पाणीपुरवठ्यात अभियंता, शांत माणूस. ‘‘अगं, आईच आहे ती तिची. बघणार नाही तर काय करील?’’

‘‘आईच आहे ना? मग मी कोण, मोलकरीण?’’

यावर कुठला नवरा बोलेल? विश्वजितनं वर्तमानपत्र उघडलं.

घरात गॅस जाऊन इंडक्शन आलं होतं, त्यावर दृष्ट कशी काढणार? हर्षदानं मागच्या गॅलरीत घमेल्यात करवंट्या पेटवल्या. निखारे झाले तशी जुईला दाराबाहेर उभी केली. ‘‘हलायचं नाही. बोलायचं नाही. मागं वळून बघायचं नाही.’’ मुठीत मीठ, मोहरी, सात लाल मिरच्या घेतल्या आणि पोरीच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवायला लागली. तिच्या आजीचे शब्द तिला पाठ होते. ‘‘आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, वाटेवरच्या पाटेवरच्याची...’’ इथं आजीचे शब्द संपत. हर्षदा क्षणभर थांबली आणि तिनं स्वतःच्या पदरचं एक घातलं. ‘‘जन्म दिलेलीची.’’

मूठ निखाऱ्यावर पडली. मोहरी तडतडली, धूर उठला. मिरच्या जळून ठसका लागला नाही तर दृष्ट मोठी होती असं समजतात. ठसका लागला नाही. ‘‘बघितलंस? केवढी लागली होती!’’ हर्षदा म्हणाली. पुढच्या खेपेला चांगला ठसका लागला, पोरगी खोकून खोकून लाल झाली, तेव्हा म्हणाली, ‘‘निघाली बघ एकदाची!’’ म्हणजे ठसका लागो न लागो, दृष्ट होतीच. असल्या कज्ज्यात आरोपीला सुटका नसते.

मग ते दर भेटीला सुरू झालं. भेट संपली की घरी, घरी आलं की उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, मिरच्या, धूर, आणि त्यानंतर आंघोळ. आंघोळ कसली, घासून काढणं! बेकरीच्या तुपाचा वास पोरीच्या केसांत राहायचा, आणि तो गेल्याशिवाय हर्षदाला चैन पडायचं नाही. ‘‘आई, दुखतंय,’’ जुई म्हणायची. ‘‘थांब गं, घाण निघतेय सगळी,’’ हर्षदा म्हणायची.

‘‘पोरगी घाबरते गं,’’ विश्वजित एकदा म्हणाला. ‘‘डोळे बघ तिचे.’’

‘‘माझ्या आजीनं माझी शंभरदा काढली. मी मेले का?’’

‘‘तुझ्या आजीनं तुला सांगितलं होतं का, तुझ्या आईची दृष्ट लागते म्हणून?’’

हर्षदानं हातातला तांब्या दाणकन आपटला आणि तो विषय तिथंच संपवला.

पुढच्या भेटीत तेजलनं दारातून हाक मारली, ‘‘बबडे!’’ जुई उठली, दोन पावलं गेली आणि थबकली. मान वळवून तिनं काचेकडं बघितलं. काच तिकडून आरशासारखी, आतून बाहेरचं काही दिसत नाही. पण हर्षदाला वाटलं, पोरगी आपल्यालाच शोधतेय. केवढा आनंद झाला तिला! रेघा जवळ आल्या, पण जुळल्या नाहीत.

त्याच्या पुढच्या भेटीत आणखी लांब राहिल्या. पुढं पुढं जुई नानकटाई हातात घ्यायची आणि खायची नाही. तेजल मांडीवर घ्यायला गेली की अंग आखडायची. डोळ्याला डोळा द्यायची नाही. पडदा पिवळा झाला, मग लाल. आणि खोटं कशाला सांगू, त्या लाल पडद्यासमोर बसून हर्षदाला जे सुख होत होतं, ते तिला लग्नात झालं नव्हतं. तिला कळत नव्हतं का? कळत होतं. माणसाला जे कळून घ्यायचं नसतं, ते त्याला सगळ्यात आधी कळतं आणि तो त्याच्यावर पांघरूण घालून बसतो. दृष्टच तर काढते मी, कुणाचं वाईट का करते, असं ती स्वतःला दिवसातून दहादा सांगायची.

तेजलनं एकदा तिला फाटकात गाठलं. ‘‘मॅडम, घरी काय झालंय का? बोलतच नाय ती माझ्याशी. माझ्या हातून चुकतंय का काय, तेवढं सांगा. मी सुधारते.’’

‘‘लहान आहे. हळूहळू विसरणारच,’’ हर्षदा म्हणाली.

‘‘विसरल्यागत नाय हो करत. भ्यायल्यागत करतीय.’’

‘‘मग भ्यायला कारण असेल ना?’’ हर्षदानं तिच्याकडं नीट बघितलं. ‘‘दोन दिवस कडी घालून कोण गेलं होतं?’’

तेजलचं तोंड उतरलं. ती बसस्टॉपकडं चालायला लागली. हर्षदा घरी येताना अख्ख्या रस्त्यात गुणगुणत होती.

समितीकडून नोटीस आली. तेजल माने यांच्या पालकत्व-विच्छेदावर सुनावणी. त्याआधी समुपदेशक घरी येऊन चौकशी करून गेली. ‘‘भेटीनंतर घरी काय असतं?’’ तिनं विचारलं.

‘‘काही नाही. हातपाय धुते, जेवते,’’ हर्षदा म्हणाली.

समुपदेशक गेल्यावर विश्वजित म्हणाला, ‘‘दृष्टीचं नाही सांगितलंस.’’

‘‘त्यात काय सांगायचं? दृष्ट काढणं गुन्हा आहे का?’’

‘‘नाही ना? मग सांगायला काय हरकत होती?’’

हर्षदानं रडायला सुरुवात केली. ‘‘तुम्हाला नको आहे का जुई आपली व्हायला? विच्छेद झाला की दत्तक घेता येईल. कागदावर नाव लागेल तिच्यापुढं तुमचं. नकोय तुम्हाला?’’

विश्वजितला पाहिजे होतं. खूप पाहिजे होतं. म्हणून तोही गप्प बसला, आणि ते गप्प बसणं त्याला पुढं बरेच दिवस पुरलं.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा. समितीच्या अध्यक्षा बोंगाळेबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांच्या बाजूला डॉक्टर ऐनापुरे, पट्टी बनवणाऱ्या गटातले शास्त्रज्ञ, आलेख समजावून द्यायला आलेले. जुईला शेजारच्या खेळघरात बसवलं होतं. टेबलाच्या या बाजूला हर्षदा आणि विश्वजित, त्या बाजूला एकटी तेजल. तिनं इस्त्रीचा कुडता घातला होता आणि केस घट्ट ओढून बांधले होते, परीक्षेला बसणाऱ्या मुलीसारखे.

सुरुवातीला ती भांडली. चांगली भांडली. ‘‘मी दारू सोडून दोन वर्षं झाली. नोकरी करते. खोली घेतलीय, तिच्यासाठी कॉट घेतलीय. माझी चूक होती, मी नाही म्हणते का? पण मनगटाच्या पट्टीवरून तुम्ही आई रद्द करणार? मला न विचारता? मी नाय होऊ देणार. वर जाईन मी, कोर्टात जाईन!’’

‘‘बस बाळा,’’ बोंगाळेबाई म्हणाल्या. ‘‘तुझा राग मला समजतो. पण हे तुझ्याबद्दल नाही, मुलीबद्दल आहे. डॉक्टर, दाखवा.’’

ऐनापुरेंनी पडदा लावला. ‘‘ही रेघ म्हणजे जुईच्या घामातलं भीतीचं रसायन. इतर दिवशी बघा, अगदी सपाट. निकमांच्या घरी मुलगी निवांत आहे. आणि हा भेटीचा दिवस.’’ सपाट रेघेतून एक टेकडी वर आली. ‘‘ही त्याच्या पुढची भेट.’’ टेकडी उंच झाली. ते एकेक भेट दाखवत गेले आणि टेकडीचा डोंगर होत गेला. ‘‘नंतर नंतर भीती भेटीआधीच सुरू होते. भेटीला निघायचं म्हटलं तरी मुलगी घाबरते. आणि सगळ्यात मोठं शिखर भेट झाल्यावर, घरी गेल्यानंतर. हे रसायन घामात उतरायला वेळ लागतो, त्यामुळं कारण भेटीतलंच धरावं लागतं. मला स्वतःला हे शिखर जरा जास्तच उशिरा वाटतं. पण प्रत्येक शरीर वेगळं असतं. पट्टी काय झालं ते सांगते, का झालं ते सांगत नाही.’’

तेजल उठून पडद्याजवळ गेली. शेवटच्या डोंगरावर तिनं बोट ठेवलं.

‘‘एवढी भीते?’’

‘‘हो,’’ ऐनापुरे म्हणाले.

‘‘म्हणजे मी नानकटाई घेऊन बसते, गोष्ट सांगते, आणि हिच्या आत हे चालू असतं?’’

‘‘हो.’’

‘‘कडी लावून गेले होते, ते आत्ता आठवत असेल का तिला?’’

‘‘सांगता येत नाही. शरीराला आठवत असू शकतं.’’

तेजलनं बोट काढलं. ती परत जागेवर आली, पण बसली नाही. मगाचची भांडकुदळ पोरगी कुठं गेली कळेना. ‘‘मग तोडा,’’ ती म्हणाली. ‘‘कोर्टात नाय जाणार मी. मला लय वाटतंय हो ती पाहिजे म्हणून, पण तिच्या अंगात एवढं जळत असेल तर... तोडा. पुन्हा तोंड नाय दाखवणार तिला. फक्त मॅडमना सांगा, तिला गोष्ट संपताना पायाला गुदगुल्या केलेल्या आवडतात.’’

झालं. हर्षदा जिंकली. कागदावर बोंगाळेबाईंची सही व्हायची तेवढी बाकी. विश्वजितनं टेबलाखाली तिचा हात धरला. आता मजा वाटायला हवी होती. पण हर्षदा बघत होती ती बोंगाळेबाईंकडं. त्या चष्मा काढून डोळे पुसत होत्या. ऐनापुरे मान खाली घालून बसले होते. सगळी खोली तेजलकडं बघत होती, आणि कशी बघत होती! अशी नजर हर्षदाच्या वाट्याला तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. पोळीचे तुकडे रोज ताजे केले तेव्हाही नाही.

आणि हर्षदा पुन्हा तशीच जळायला लागली, पहिल्याहून दसपट. म्हणजे बघा! रेघा हिच्याशी जुळणार, मम्मा ही होणार, आणि आता सोडून द्यायचा मोठेपणासुद्धा हिलाच? पोरीला त्रास होतो म्हटल्यावर ही एका क्षणात हक्क सोडून मोकळी झाली. आणि मी? मला तर पोरीच्या डोळ्यांत ते दिसत होतं, गॅलरीत, उंबऱ्यात, मोरीत, आणि मी मिरच्या मोजत होते. खरी आई कोण, ते आत्ता या टेबलावर ठरलं, पट्टीशिवाय ठरलं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

ते काही तिला सोसवलं नाही. चांगुलपणानं ती बोलली असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. मत्सरानंच बोलली.

‘‘थांबा,’’ ती म्हणाली. ‘‘भीती तिची नाही. माझी आहे.’’

विश्वजितनं तिचा हात आणखी घट्ट धरला. तिनं तो सोडवला.

‘‘मी तिची दृष्ट काढते. दर भेटीनंतर. घरी गेल्या गेल्या.’’

बोंगाळेबाई गोंधळल्या. ‘‘दृष्ट? अहो, ती तर आम्हीही काढतो नातवंडांची.’’

‘‘जन्म दिलेलीची दृष्ट लागली म्हणून नाही काढत तुम्ही. मी तसं म्हणून काढते. तिला हलू देत नाही. डोळ्यांत धूर जातो तिच्या. मग घासून आंघोळ घालते, हिचा वास जाईपर्यंत. तिला वाटतं, हिला भेटलं की हे होणार. दुसरं काय वाटेल?’’

‘‘भेटीनंतर किती वेळानं?’’ ऐनापुरे एकदम सरळ बसले.

‘‘घर जवळ आहे. निखारे होईपर्यंत अर्धा तास.’’

ऐनापुरेंनी पडद्यावर दोन खुणा केल्या. भेट संपल्याची एक, आणि तिथून अर्ध्या तासावर दुसरी. दुसऱ्या खुणेपासून आणखी अर्धा तास पुढं गेले. बोट बरोबर डोंगराच्या टोकावर येऊन थांबलं. त्यांनी आधीची भेट लावली. त्याच्या आधीची लावली. दर वेळी तेच.

‘‘उशीर नव्हता तर,’’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘‘कारणच उशिरा घडत होतं.’’

बोंगाळेबाईंनी पेन खाली ठेवलं. विच्छेदाचा प्रस्ताव त्यांनी तिथल्या तिथं फेटाळला. जुई हळूहळू तेजलकडं राहायला जाईल, तोवर निकमांच्या घरी, पण देखरेखीखाली. पुढं कुठलंही मूल हर्षदाकडं द्यायचं की नाही, त्याची वेगळी चौकशी होईल. हे सगळं त्यांनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात सांगितलं, आणि हर्षदाकडं एकदाही बघितलं नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात तेजलनं तिला गाठलं. आता मॅडम वगैरे काही नव्हतं.

‘‘माझी भीती घातली तुम्ही माझ्या पोरीला. मी रात्र रात्र रडून काढली, की माझ्या हातून काय चुकतंय. तुम्हाला विचारलं होतं मी! फाटकात उभं राहून विचारलं होतं!’’

‘‘हो.’’

‘‘मग आज कशाला बोललात? सुटला असता की सगळा घोळ. मी जातच होते.’’

हर्षदाला वाटलं, काहीतरी बरं सांगावं. पण एकदा खरं बोलायला सुरुवात केली की मध्येच थांबता येत नाही. ‘‘तू सोडायला तयार झालीस ना, ते मला बघवलं नाही,’’ ती म्हणाली.

तेजल तिच्याकडं बघतच राहिली. ‘‘काय बाई आहात ओ तुम्ही,’’ एवढंच ती म्हणाली. त्यात शिवी होती की आणखी काही, ते हर्षदाला कळलं नाही.

तेवढ्यात खेळघराचं दार उघडलं आणि जुई बाहेर आली. दोघींना एकत्र बघून ती जागच्या जागी उभी राहिली. हात अंगाला चिकटवून, मान ताठ, अगदी उंबऱ्याबाहेर उभी राहायची तशी. हर्षदा पोरीसमोर गुडघ्यावर बसली.

‘‘जुई, जा. मम्माकडं जा.’’

जुई हलली नाही. ‘‘आणि घरी गेल्यावर मिरच्या?’’

‘‘नाही. आता कधीच नाही.’’

‘‘मग दृष्ट?’’ जुईनं डोळ्याच्या कोपऱ्यातून तेजलकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. ‘‘मम्माची लागते ना?’’

तेजलनं तोंडावर हात घेतला. ‘‘तिची नव्हती गं लागत,’’ हर्षदा म्हणाली. ‘‘तिची कधीच नव्हती लागली. माझी लागत होती. तुम्ही दोघी बसायच्या ना, तेव्हा मी काचेतून बघत असायचे. माझीच.’’

जुईनं यावर बराच विचार केला. पाच वर्षांची पोरगी, तिला जेवढं सांगितलं तेवढं तिनं खरं धरलं.

‘‘मग तू नको बघूस,’’ ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाय भिजतील म्हणून कुणी कुणाला बाजूला व्हायला सांगावं, तसं ते होतं. हर्षदा उठली आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं. मागं लहान पावलं आधी हळू गेली, मग धावली. ‘‘बबडे,’’ असा आवाज आला, पुढं नुसतं रडणं, आणि थोड्या वेळानं पोरीचं हसणं, गुदगुल्या झाल्यासारखं. विश्वजित येऊन शेजारी उभा राहिला. ‘‘बघ तरी,’’ तो हलकेच म्हणाला. हर्षदानं मान हलवली. भिंतीचा रंग काही ठिकाणी पोपडे धरून निघाला होता, तो ती बघत राहिली.